फ्रोनीच्या नावाला ओ

गावात शिरताना डाव्या हाताला एक लाकडी पाटी लागते. तिच्यावर गळ्यात मोठी घंटा बांधलेली गाय कोरली आहे, खाली 'गायी उतरण्याचा सण' असं लिहिलं आहे आणि त्याच्याखाली तारखेची जागा कोरी आहे. रंग उडाला असेल असं समजू नका, हेमंतराव. तिथे तारीख कधी लिहिलेलीच नाही.

तुमचा तो तक्ता मी सकाळी नाश्त्याच्या टेबलावर पाहिला. सोमवारी बीअरचा उत्सव, बुधवारी भोपळ्यांचं प्रदर्शन, शुक्रवारी आमच्या गायी, शनिवारी चार तास गाडी चालवून द्राक्षांची जत्रा. वाटेत डिझेल भरायलासुद्धा वीस मिनिटं धरली आहेत. सांगलीत बसून एवढं सगळं जुळवलंत, कौतुक वाटलं हो. फक्त आमच्या गायींना कुणी कळवलं नाही. नीरजा, तू अशी हिरमुसून बसू नकोस. चहा घे, आलं घातलंय. सण का नाही झाला ते सांगते.

मी वसईची एमिलिया तुस्कानो. नर्स म्हणून ऑस्ट्रियात आले त्याला सत्तेचाळीस वर्षं झाली. या गावच्या सेप नावाच्या सुताराशी लग्न केलं, आणि तो गेल्यापासून वरच्या दोन खोल्या तुमच्यासारख्यांना देते. ही हकिकत मला सासूने सांगितली, तिला तिच्या सासूने. खरं-खोटं तो समोरचा डोंगर जाणे.

फार वर्षांपूर्वी, पक्का रस्ता नव्हता तेव्हाची गोष्ट. आजच्यासारख्याच तेव्हाही जूनमध्ये गायी डोंगरावरच्या कुरणांत नेत आणि थंडी पडायच्या आत खाली आणत. चार कुरणं होती. सगळ्यांत उंचावरचं कुरण फ्रोनी नावाच्या एका बाईकडे असे. तिला आई-बाप नव्हते, नवरा नव्हता. गावातल्या सात घरांच्या चौदा गायी घेऊन ती वर जाई आणि चार महिने तिथे एकटी राही. माणसाचा आवाज कानावर पडायचा तो थेट खाली आल्यावर.

खाली येण्याचा दिवस ठरलेला असे. गायींना फुलांचे मुकुट घालून सगळे कारंज्यापाशी जमत. गावचा मुखिया एकेकाचं नाव पुकारी आणि ज्याचं त्याने 'आलो', 'आले' अशी ओ द्यायची. नाव पुकारल्याशिवाय घराचा उंबरा ओलांडायचा नाही, असा कडक नियम होता. ओ देईपर्यंत माणूस डोंगराचा, ओ दिली की गावाचा. फ्रोनीला घर म्हणजे दुसऱ्याच्या माडीवरची एक खोली. पण त्या एका हाकेसाठी ती चार महिने काढत असे, असं सांगतात.

एका वर्षी मिठाचे आणि कापडाचे व्यापारी गावात आले. ते या जत्रेहून त्या जत्रेला फिरणारे. ते म्हणाले, तुमचा सण तीन दिवस अलीकडे घ्या, म्हणजे आम्हाला तुमचाही साधेल आणि खिंडीपलीकडची मोठी जत्राही साधेल. रागावू नका हेमंतराव, तुमचंच गणित ते. गाव कबूल झालं. मुखियाने पाद्रीबाबांना सांगितलं. पाद्रीबाबांना वाटलं, खालच्या कुरणातला गडी वरपर्यंत निरोप देईल. त्या गड्याला वाटलं, ज्यांच्या गायी आहेत ते घरवाले कळवतील. सात घरांपैकी प्रत्येकाला वाटलं, उरलेल्या सहांतलं कुणीतरी गेलं असेल. शेवटी त्या उंच कुरणापर्यंत कुणीच चढलं नाही. यात वाईट कुणीच नव्हतं बघ नीरजा, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

सण झाला. फ्रोनी दिसली नाही तेव्हा लोक म्हणाले, वरून यायला वेळ लागतो, येईल उद्या. दुसऱ्या दिवशी सगळं गाव, म्हातारीकोतारी धरून, खाली आलेल्या गायी बरोबर घेऊन, व्यापाऱ्यांच्या गाड्यांत बसून खिंडीपलीकडच्या जत्रेला गेलं.

फ्रोनी आली ती ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी. एकही गाय दगावली नव्हती, म्हणून चौदाही गायींच्या डोक्यावर मुकुट होते. घंटा वाजवत ती कारंज्यापाशी आली. तिथे कुणी नव्हतं. तिने दारं वाजवली, हाका मारल्या. मग तिने एकेक गाय ज्याच्या त्याच्या गोठ्यात बांधली, चारा टाकला, दूध काढलं आणि कारंज्याच्या कठड्यावर येऊन बसली. स्वतःच्या खोलीचं दार समोर दिसत होतं. पण तिचं नाव कुणी पुकारलं नव्हतं.

दोन दिवस ती तशी बसली होती म्हणे. तिसऱ्या दिवशी सकाळी पहिला बर्फ भुरभुरू लागला. तिने गायींची धार काढली, चौदा मुकुट कारंज्यावर नीट मांडले आणि ती पुन्हा डोंगर चढून गेली.

दुपारी गाव परतलं. मुकुट पाहिले, गोठ्यात ताजं दूध पाहिलं. माणसं धावत वर गेली. झोपडीत चूल अजून गरम होती, अंथरूण घडी करून ठेवलेलं होतं, पण फ्रोनी नव्हती. मुखियाने तिच्या नावाने हाक मारली. 'आले!' अशी ओ आली, पण वरच्या कड्यावरून. ते कड्यावर गेले, तेव्हा त्याच्याही वरून आली. तीन दिवस गाव हाका मारत होतं आणि ती ओ देत होती, दर वेळी आणखी वरून. मग बर्फाने वाट बंद झाली. तिचं पुढे काय झालं, कुणाला कळलं नाही.

तेव्हा गावाने शपथ घेतली. यापुढे सणाला तारीख नाही. शेवटचा माणूस, शेवटची गाय खाली येईल त्या दिवशी सण, मग कुणाचीही सोय होवो की गैरसोय. त्या पुढच्या वर्षी सगळी नावं पुकारून झाल्यावर मुखियाने फ्रोनीचंही नाव घेतलं. डोंगर गप्प राहिला. ओ आल्याशिवाय सण सुरू करायची कुणाची छाती होईना. गायी ताटकळल्या, पोरं रडायला लागली. तेव्हा गावाच्या टोकाला एकटी राहणारी एक विधवा पुढे झाली आणि म्हणाली, 'आले.' त्यावर घंटा वाजल्या.

तर यंदा वरच्या कुरणातली एक गाय पायाने अधू झाली आहे. ती हळूहळू येते आहे. उद्या पोचेल, नाहीतर पाच दिवसांनी. तुम्हाला द्राक्षांची जत्रा गाठायची असेल तर खुशाल निघा, मी दुपारचा डबा बांधून देईन. मला वाईट वाटणार नाही. बरं, थोडं वाटेल.

आजही नावं पुकारली जातात. पण ती डोंगरावरून उतरलेल्यांचीच. आमच्या घरी कधी गाय नव्हती, त्यामुळे सेपचं नाव त्या यादीत नव्हतं आणि माझंही कधी आलं नाही. आजही सगळ्यांत शेवटी फ्रोनीचं नाव घेतात, आणि गावात एकट्या राहणाऱ्या बायकांतली जी वयाने सगळ्यांत मोठी, तिने ओ द्यायची असते.

गेली चार वर्षं ती मी देते. पहिल्या वर्षी मुखियाला दुसऱ्यांदा हाक मारावी लागली. आता जमतं. जर्मनमध्ये नाही, मराठीत म्हणते, 'आले!' कुणी हरकत घेत नाही. वर्षभरात कुणी मला भर चौकात मोठ्याने हाक मारावी असा तो एकच दिवस, आणि तीही दुसरीच्या नावाने. पण सकाळपासून मी ठेवणीतली साडी नेसून कारंज्यापाशी उभी असते.