घुशीचा ढीग आणि चौथा ठसा

ओढेसुद्धा प्राण्यांचं ऐकून घ्यायचे, त्या काळची ही गोष्ट. एकेकट्या वस्तीला बांध झेपेना, म्हणून ससे, साळिंदरं, मुंगसं आणि टिटव्यांनी मिळून ओढ्यावर एकच घालायचं ठरवलं. माती पुरवायला घूस पुढे आली. तिने नमुन्याचा ढीग आणून ठेवला. कराराच्या पळसपानावर तिघांचे ठसे उमटले, उरला टिटवीचा.

बांध होणार त्याच्या खालच्या अंगालाच, वाळूत, टिटवीची चार अंडी होती.

“ससेभाऊ, माती पाहिलीत ना?” तिने विचारलं.

“मागून साळिंदरदादा पाहणारच होते की!”

“मी मुंगसाच्या भरवशावर ठसा दिला,” साळिंदर म्हणालं.

मुंगूस चपापलं. “मी तर या दोघांचे ठसे बघून दिला!”

“आटपा, टिटवीबाई,” घूस खेकसली. “ही तिघं काय खुळी आहेत?”

टिटवीने पाय उचलला आणि पानावर न ठेवता ढिगावर दाबला. वरचा चिकणमातीचा पापुद्रा फुटला. आतली कोरडी वाळू भुरूभुरू ओघळत सगळ्यांच्या पायांशी आली.

घूस पानाकडे बघत राहिली. बाकीचे तिघे आपापल्या पंजांकडे.