वकिलीणबाईंचा ब्रेड

"मग चुकतंय कुठे, तेवढं तरी सांगा."

असं म्हणत सुनीतीने पिशवीतला ब्रेड काढला आणि बाईंच्या पुढ्यात ठेवला. ठेवला कसला, आपटलाच. लाकडी पाटावर ठक्कन आवाज झाला.

मार्थाबाईंनी ब्रेडकडे पाहिलं. मग सुनीतीकडे.

एका बोटाने त्याचं कवच दाबून पाहिलं.

दिसायला ब्रेड राजबिंडा होता. घुमटासारखा फुगलेला, खरपूस, माथ्यावर गव्हाच्या ओंबीसारखी चीर. कापला की आत ही मोठमोठी भोकं. सोसायटीच्या ग्रुपवर त्याचा फोटो पडला तेव्हा एरवी पाण्याच्या टाकीवरून भांडणारी माणसं एकमुखाने वाहवा करत सुटली होती.

सुनीती पाटोळे नगरच्या कोर्टात वकिली करायची. तिची उलटतपासणी आहे म्हटलं की समोरचे वकील पुढची तारीख मागून घेतात, असं कँटीनमध्ये बोललं जायचं. ते तिच्या कानावर यायचं आणि तिला आवडायचं.

मार्थाबाई रूपवते एकेकाळी अध्यापक महाविद्यालयात शिकवायच्या. आता गावाबाहेर, डोंगराच्या पायथ्याशी, लहानसा आश्रम चालवत होत्या. तिथे ना प्रवचन, ना अंगारा. माणसं यायची, गप्प बसायची, स्वयंपाकघरात काम करायची आणि आपापल्या घरी जायची. मिशनचं जुनं वसतिगृह बंद पडलं, तेव्हा तिथली कपाटं कुणी नेली, पंखे कुणी नेले. बाईंनी खमिराची बरणी आणली आणि ते खमीर रोज पीठ-पाणी घालून जिवंत ठेवलं. आश्रमातला ब्रेड त्याच खमिरावर फुगायचा.

त्यातलंच वाटीभर खमीर सुनीती मागच्या खेपेला घेऊन गेली होती. पप्पांसाठी.

पप्पा त्या वसतिगृहात लहानाचे मोठे झाले होते. आता हिरड्या झिजल्या होत्या, कवळी टोचायची म्हणून ती डबीतच पडून असायची. पेज आणि गुरगुट्या भात पाहिला की ते ताट बाजूला सारायचे. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, वजन असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल. नळीचं नाव काढताच पप्पांनी भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. मग एका दुपारी आपणहून म्हणाले, वसतिगृहात मिळायचं तसं सँडविच दिलंस तर खाईन. मऊ, किंचित आंबूस.

एवढं बोलून पुन्हा भिंतीकडे वळले.

सुनीतीने ते एखादी केस घ्यावी तसं अंगावर घेतलं. काय वाटेल ते झालं तरी नळी लागू द्यायची नाही.

"खमीर तेच दिलंत ना मला?" आता तिने विचारलं.

बाईंनी मान हलवली.

"मग सांगताना काहीतरी राहिलं असेल तुमच्याकडून. की मुद्दामच गाळलंत?"

"सगळं सांगितलं होतं."

सांगितलं होतं खरं. थोड्या पिठाची दुधात उकड काढ, ती गार करून बाकीच्या पिठात मिसळ. पाण्याऐवजी दूध वापर, लोणी घाल. खमीर फुगून वर आलं की लगेच घे. ते खाली बसेपर्यंत थांबलीस तर आंबट होईल आणि पीठ तुटेल. साच्यात भाज. बाहेर काढलास की ओल्या फडक्यात गुंडाळ, म्हणजे आपल्याच वाफेने वरून मऊ पडतो.

सुनीतीने हे सगळं ऐकलं आणि घरी जाऊन स्वतःचं डोकं चालवलं. उकड मोदकाला ठीक, ब्रेडला कशाला? दूध-लोणी घातलं तर बेकरीच्या ब्रेडशी फरक काय राहिला? बाजारात साध्या ब्रेडमध्ये व्हिनेगर ओततात आणि खमिराचा म्हणून चढ्या भावाने विकतात, त्या लबाडीची तिला भयंकर चीड होती. आपला ब्रेड अस्सल हवा आणि तो अस्सल आहे हे बघताक्षणी कळायला हवं. म्हणून तिने खमीर पार आंबू दिलं. साचा बाजूला ठेवून बिडाच्या तापल्या भांड्यात भाजलं. फडकं तर लावलंच नाही. कवच कुरकुरीत राहिलं पाहिजे ना.

आणि एवढं करूनही पप्पांचं वजन उतरतच होतं.

"काय म्हणाले ते, खाऊन?" बाईंनी विचारलं.

"छान झालाय म्हणाले. रोज म्हणतात."

"खातात?"

"चहात बुडवून खातात. ताट रिकामं असतं."

"खाताना बघितलंस?"

"ताट रिकामं असतं म्हटलं ना मी."

"ताटाचं नाही विचारलं."

…

असले प्रश्न कोर्टात सुनीती विचारायची. आज ते तिच्यावर आले होते आणि ते तिला मुळीच रुचलं नाही. सकाळी तिला कोर्ट गाठायचं असतं, ताट ठेवून निघावंच लागतं, घरात तिसरं माणूस नाही, आणि आपण इथे ब्रेडबद्दल विचारायला आलो आहोत, हे तिने बाईंना बऱ्याच चढ्या आवाजात ऐकवलं. बाईंनी ते सगळं ऐकून घेतलं.

मग उठल्या. पिठाचा डबा काढून तिच्यासमोर ठेवला.

"हात धू."

त्या दिवशी सुनीतीची एक सुनावणी होती. तिने ज्युनिअरला फोन करून तारीख घ्यायला सांगितलं. साडीचा पदर कमरेला खोचला. आज मऊ ब्रेड झाल्याशिवाय इथून हलायचं नाही, असं तिने स्वतःलाच बजावलं.

बाईंच्या बरणीत सकाळचं खमीर नुकतंच वर आलं होतं. सुनीतीने नाक जवळ नेलं. आंबट वास नव्हता; पिकलेल्या केळ्यासारखा गोडसर होता. हे अजून कच्चं आहे, ती म्हणाली. बाईंनी वाटी भरून तिच्या हातात दिली.

उकड काढताना तिने हरकत घेतली. लोणी घालताना घेतली. पीठ हाताला चिकटायला लागलं तशी अजून कोरडं पीठ हवं म्हणून घेतली.

"मळता मळता घे हरकत," बाई म्हणाल्या. "हात थांबवू नकोस."

सुनीतीला नको असताना हसू आलं.

तिने मळलं. दंड भरून आले तरी मळलं. चिकट गोळा हळूहळू बोटं सोडायला लागला, रेशमासारखा झाला. त्यातला तुकडा ताणून तिने खिडकीसमोर धरला, तर पातळ पापुद्र्यातून उजेड आरपार दिसत होता. ही गोष्ट तिच्या घरच्या पिठात कधीच झाली नव्हती. गोळा साच्यात ठेवताना तिचा हात जरा हलका पडला.

फुगायला वेळ लागणार होता. आश्रमात अशा वेळी गप्प बसायची रीत होती. सुनीतीला गप्प बसण्याची सवय नव्हती. ती उठून साच्यात डोकावायची, पुन्हा बसायची. बाईंनी तांदूळ निवडले, जेवायला वाढलं, भांडी झाली. ऊन कौलांवरून पलीकडे उतरलं, तेव्हा कुठे पीठ साच्याच्या काठाशी आलं.

भाजून बाहेर काढलेल्या ब्रेडकडे पाहून सुनीतीचा चेहरा पडला. सपाट माथा, फिकट सोनेरी रंग, ना चीर ना डौल.

"हा तर बेकरीतल्यासारखा दिसतोय."

"दिसू दे," बाई म्हणाल्या. "फडकं घाल."

तिने पिळलेलं ओलं फडकं त्याच्यावर घातलं, कडा आत खोचल्या. फडक्यातून वाफ आली. तिने लगेच सुरी उचलली, तर बाईंनी ती तिच्या हातातून काढून घेतली. गरम कापला तर आत गिचका होतो. निवेपर्यंत थांबायचं.

मग बाईंनी त्याच सुरीने सुनीतीचा घरून आणलेला ब्रेड कापायला घेतला. करवत चालवावी तशी सुरी चालवावी लागली. एक काप काढून त्यांनी ताटलीत ठेवला.

त्यांनी तोंडाकडे हात नेला. वरची कवळी काढली, मग खालची. दोन्ही पाण्याच्या वाटीत ठेवल्या.

सुनीती दचकली. बाईंचे गाल आत गेले होते, ओठ मुडपले होते. समोर कुणी दुसरीच म्हातारी बसली होती.

बाईंनी तुकडा मोडला आणि तोंडात घातला.

…

तो तुकडा या गालातून त्या गालात गेला. तिथून परत आला. हनुवटी वर-खाली होत राहिली. कवच कुठेतरी हिरडीत टोचलं असावं, बाईंचे डोळे मिटले गेले. सुनीतीने खिडकीबाहेर नजर वळवली.

बाईंनी पाटावर बोट वाजवलं.

सुनीतीने पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं.

चहात बुडवा, ती पुटपुटली. बाईंनी दुसरा तुकडा चहात बुडवला. आतला भाग विरघळून लगदा झाला आणि ओघळून साडीवर पडला. हातात नुसतं कवच उरलं, ते चामड्यासारखं चिवट. बाईंनी तेही तोंडात घातलं. चघळत राहिल्या. चघळत राहिल्या…

"पुरे, बाई."

बाई थांबल्या नाहीत. पण घास उतरेना. शेवटी त्यांनी मान किंचित वळवली, तोंडातला तुकडा हळूच बोटांनी काढला आणि कुणाला दिसू नये तसा पदराच्या टोकात लपवला. ताटलीतला उरलेला कापही त्याच पदरात घेतला. ताटली सुनीतीसमोर सरकवली.

रिकामी.

सुनीती त्या ताटलीकडे बघत बसली.

गेले काही दिवस पप्पांच्या खिडकीवर कावळे जमत होते. घाण करायचे, कलकलाट करायचे. शेजारची बाई कावळ्यांना खायला घालते, असं धरून सुनीतीने सोसायटीच्या सेक्रेटरीला वकिली भाषेत खरमरीत तक्रार पाठवली होती. पप्पांना वाचूनही दाखवली होती. पप्पा म्हणाले होते, जाऊ दे ना, पाखरं आहेत…

तिचे कान तापले. आधी राग आला, तो पप्पांचाच.

"मला सांगायचं ना त्यांनी. मी काय परकी आहे? रोज विचारत होते मी."

"काय विचारायचीस?" दातांशिवाय बाईंचे शब्द बोबडे येत होते, तरी नीट कळत होते.

"कसा झालाय, म्हणून."

"ते सांगत होते की. छान झालाय."

सुनीती उठली, मोरीवर जाऊन हात धुतले, पुन्हा धुतले. हातांचं पीठ तर केव्हाच निघून गेलं होतं. परत आली तेव्हा डोळे लाल होते, पण आवाज ठाम होता. उद्या कोर्टात जाणार नाही, ती म्हणाली. परवाही नाही. सँडविच करून देईन, त्यांच्या समोर बसेन, घास घशाखाली उतरेपर्यंत उठणार नाही. हा नाही चालला तर याहून मऊ करेन. त्याहून मऊ करेन. नळी लागू देणार नाही.



बाईंनी फडकं बाजूला केलं. ब्रेड निवला होता. माथ्यावर बोटाने दाबलं, तिथे खळगा पडला आणि सावकाश भरून आला. बाईंनी वास घेतला, पण बरा झालाय की वाईट, ते काही सांगितलं नाही. कोरडं फडकं घेऊन त्यात ब्रेड ठेवला आणि गाठ मारायला लागल्या.

सुनीतीने चपला घातल्या. गाठोडं घ्यायला हात पुढे केला. आणि दिवसभर जो प्रश्न तिने स्वतःलाही विचारला नव्हता, तो तिच्या तोंडून निघाला. आवाज एकदम लहान झाला होता.

"बाई… मी समोर बसले, आणि तरीही नाही खाल्ला त्यांनी, तर?"

बाईंनी गाठ घट्ट केली. गाठोडं तिच्या हातात दिलं.

"तर उलटतपासणी नको घेऊस. तू खा. त्यांना बघू दे."