वागळीचा काटा महाराजांच्या पायी

देवळाची भिंत रंगवून घेणाऱ्या कारभाऱ्यांनो, तुम्ही एक बाई पुसून टाकलीत. आरोप खोटा वाटत असेल तर सभामंडपात या आणि त्या चित्रापुढे उभे राहा. चित्रात समुद्र आहे, रापणीचं जाळं आहे. महाराजांच्या पायाला लागलेलं रक्त आहे, त्याला तर तुम्ही सोनेरी वर्ख लावलात! पायाशी वाकलेला गावकार आहे, त्याच्या मिशासुद्धा केस न् केस कोरल्यात. आणि जिच्यापायी महाराजांनी ते रक्त सांडलं, तिच्या जागी काय आहे? माड. एक माड उभा करून मोकळे झालात!

तेव्हा भाविकहो, भिंतीकडे पाठ करा आणि घडलं तसं ऐका.

त्या काळी खडपेश्वर महाराज वेळखार गावी राहत होते. गावाच्या टोकाला समुद्रात घुसलेलं काळं कातळ आहे, त्याला खडप म्हणतात. भरतीला ते अर्धं बुडतं, ओहोटीला उघडं पडतं. त्याच्या उंच भागावर महाराजांची बैठक. कुठून आले, कोणत्या जातीचे, कोणी विचारलं की महाराज म्हणायचे, "तुझी होडी ज्या पाण्यावर तरंगते, त्या पाण्याला विचारून ये. मग मी सांगतो."

खडपाच्या अलीकडे, माडांची रांग संपते तिथे आवडीची खोपी होती. तिचा नवरा बाबल बुडी मारून खडपाला चिकटलेली कालवं, म्हणजे शिंपले, काढायचा. एका ओहोटीला वाळूत दडलेल्या वागळीवर त्याचा हात पडला. वागळी म्हणजे सुपासारखा चपटा मासा, शहरात ज्याला पाकट म्हणतात. तिच्या शेपटीवर करवतीच्या दातांचा विषारी काटा असतो. तो काटा बाबलच्या पोटात गेला आणि दिवस मावळायच्या आत बाबलही गेला. महाराज तेव्हा अजून गावात आले नव्हते.

सुतक फिटलं आणि आवडीने त्याची पहार उचलली. पोट काही सुतक पाळत नाही. ती स्वतः बुड्या मारून कालवं काढू लागली.

गावकार, म्हणजे गावचा पुढारी, होता रावजी मेथर. रापण त्याची, होड्या त्याच्या, आणि त्याच्या मते दर्याही त्याचाच. देवीपुढे गाव बसवून तो म्हणाला, "घोवाक खाल्ल्यान, आणि आता दर्यात उडयो मारता! दर्याक इटाळ झालो तर मासो खय गावतलो? आजपासून ह्या बायलेक कोणी हाक मारूची नाय."

झालं. आवडी वाळीत पडली. ती विहिरीवर आली की रहाट थांबायचा. ती रस्त्याने निघाली की ओट्यावरचं बोलणं आत जायचं. शेजारची सुंदरा, जिच्या लेकराची नाळ आवडीने कापली होती, तीही तोंड फिरवून कोंबड्यांना दाणे टाकायची. कोंबड्या नसल्या तरी टाकायची. कालवं विकायला आवडी खाडीपार परक्या गावात जायची. तिथे तिला कोणी नावाने ओळखत नव्हतं.

सुरुवातीला ती स्वतःच स्वतःला हाक मारायची. "आवडे, चूल विझली गो." "आवडे, भात लागलो." पुढे तेही थांबलं. आपलं नाव आपल्याच तोंडून ऐकायची तिला भीती वाटू लागली, कारण त्याला ओ देणारं खोपीत कोणी नसायचं.

एकच गोष्ट तिने सोडली नाही. रोज सकाळी वाडगाभर पेज ती खडपावर नेऊन ठेवी. महाराज ती पीत, वाडगा स्वतः धुऊन देत आणि म्हणत, "आवडी, आज मीठ नेमकं पडलं." नेमकं पडलेलं नसलं तरी म्हणत. गावात हसू व्हायचं. "वाळीतल्या हातची पेज पिता तो म्हाराज कसलो?" रावजी चावडीवर मोठ्याने विचारायचा, महाराजांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

एकदा वाडगा परत घेताना आवडी तिथेच बसली.

"म्हाराज, पाण्याखाली भ्या वाटता. वाळू हलली की बाबलाची वागळी दिसता. आणि कधी कधी भ्यासुद्धा वाटणा नाय. वर कोण वाट बघता माझी? मग वर येवचा कित्याक?"

महाराज म्हणाले, "मी हाक मारीन."

"पाण्याखाली हाक खय ऐकाक येता?"

"तू बुडी मारतेस तेव्हा कान वर काढून ठेवतेस का?"

आवडी हसली. कितीतरी दिवसांनी हसली आणि हसताना तिचा गळा दुखला.

पुढे मासळी किनाऱ्याला लागल्याची बातमी आली आणि रावजीने रापण घालायचं ठरवलं, तेही खडपाच्या अगदी कडेने. महाराजांनी त्याला बोलावून सांगितलं, "रावजी, तिथे जाळं नको. वागळी पिल्लं घालायला आली आहे. बाळंतिणीच्या दारात जाळं लावू नये."

रावजी कमरेवर हात ठेवून म्हणाला, "म्हाराज, तुमी पेज पिया. मासे कशे मारूचे ता आमका शिकवू नकात." आणि गड्यांकडे वळून त्याने दम भरला, "जाळा अडाकला तरी सुरी लावूची नाय. लावील तेचो हात तोडून ठेवीन."

रापण म्हणजे भलंमोठं जाळं. होडीने समुद्रात अर्धगोल टाकायचं आणि दोन्ही टोकांचे दोर सगळ्या गावाने किनाऱ्यावरून ओढायचे. तिचा एक जुना रिवाज आहे: दोराला जो हात लावील, त्याला वाटा. म्हातारा असो, वाटसरू असो. त्या दिवशी सारं वेळखार दोराला होतं. आवडी तेवढी आपल्या माडाशी उभी राहून बघत होती.

जाळं अर्ध्यावर आलं आणि अडलं. खडपाच्या मुळाशी गच्च गुंतलं. रावजी पोहण्यात पट्टीचा. "हटा रे, तुमच्यान नाय होवचा," म्हणत त्याने होडीवरून स्वतः सूर मारला.

गेला तो वर आला नाही.

होडीतून वाकून बघणारा गडी किंचाळला, "वागळी! दारावढी वागळी आसा जाळ्यात! गावकाराचो पाय गुतलो!"

दोर हातातून गळाले. माणसं जागच्या जागी थिजली. इतक्या खोल, इतका दम धरून बुडी मारणारं माणूस किनाऱ्यावर एकच होतं, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. साऱ्या डोळ्यांनी माडाकडे पाहिलं. पण तोंड कोण उघडणार? हाक मारायची नाही, हा रावजीचाच हुकूम! मालक पाण्याखाली मरत होता आणि गाव त्याचाच हुकूम पाळत उभं होतं.

आवडी थांबली. नुसतं "गो" म्हटलं असतं कोणी, तरी पुरलं असतं. सुंदराचे ओठ हलले आणि तिने पदर तोंडात कोंबला. आवडीने महाराजांकडे पाहिलं. तेही गप्प. पेजेचा वाडगा हातात तसाच.

तिच्या मनात आलं, राहू दे त्याला तिथेच. बघू दे, कोणी हाक मारत नाही तेव्हा कसं वाटतं ते. आणि तेच मनात आल्याबरोबर तिला राहवेना. तसं कसं वाटतं हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? लुगड्याचा काचा मारून तिने कालवं फोडायची सुरी दातात धरली आणि पाण्यात शिरली.

खाली वाळू ढवळून पाणी गढूळ झालं होतं. रावजीचा पाय जाळ्यात पिळवटला होता, डोळे बाहेर आले होते. त्याच्या हातभर पलीकडे ती वागळी पंख आपटत होती आणि शेपटी चाबकासारखी फिरत होती. आवडीने सुरी चालवली. रावजीचा पाय सुटतो न सुटतो तोच वागळी वळली. तोच काटा, तीच जागा! पोटाला हिसका बसला, कोणी पदर ओढावा तसा. दुखलं मात्र काहीच नाही.

तिने ओळखलं, लागला. बाबललाही आधी दुखलं नसेल. हातपाय ढिले पडले, छातीतला वारा संपला. वर जायचं ते कोणासाठी? इथे निदान शांत आहे.

"आवडी!"

हाक आली. खणखणीत, जवळून, सकाळी वाडगा देताना यायची तशीच. "आवडी, वर ये!"

आणि काय आश्चर्य सांगावं! वागळीने पंख मिटले. शेपटी वाळूवर दोरीसारखी निपचित पडली. आवडीने जाळं कापून वाट केली, तशी ती वागळी हळूच तिच्या डोक्यावरून निघून गेली आणि मागोमाग ताटलीएवढी पिल्लं. आवडीने रावजीची शेंडी धरली आणि वरच्या उजेडाकडे लाथा मारल्या.

किनाऱ्यावर रावजीने खारं पाणी ओकलं आणि श्वास घेतला. बायकांनी आवडीकडे पाहिलं. लुगडं पोटावर टरकलेलं, आणि आत कातडीवर ओरखडासुद्धा नाही. तेवढ्यात खडपाकडून कोणी तरी ओरडलं.

महाराज बसल्या जागी होते. वस्त्र कोरडं, पाण्याचा थेंब अंगावर नाही. वाडगा कलंडला होता. आणि त्यांच्या नडगीत वागळीचा वीतभर काटा रुतला होता, रक्ताची धार कातळावरून समुद्रात चालली होती. महाराजांची हाक ऐकून वर आले, असं आवडी म्हणाली. सुंदरा गरम पाण्याचा हंडा घेऊन धावली. पाय शेकताना ती रडत सांगत होती, "म्हाराज तोंडातून शब्द बोलाक नाय. मी हयच बघी होतंय. हाक मारल्यानी नाय!" खरंच, किनाऱ्यावर कोणालाच हाक ऐकू आली नव्हती.

महाराज आवडीला म्हणाले, "बाबलच्या वेळी मी या गावात नव्हतो, बाई. या वेळी होतो."

रावजी रांगत आला. पायांवर डोकं ठेवणार तोच महाराजांनी दुखरा पाय मागे घेतला. "इथे नको. आधी तिला हाक मार."

रावजीची मान खाली गेली. शेवटी त्याच्या तोंडून फुटका आवाज आला, "आवडे..."

आवडीने मागे वळून पाहिलं. कोणाला हाक मारतायत, ते बघायला. मागे कोणी नव्हतं.

"तुकाच गो. तुकाच हाक मारतंय, आवडे!"

तिने ओ द्यायला तोंड उघडलं. आवाज यायला वेळ लागला. तोवर रावजी मेथराचं कपाळ तिच्या ओल्या पावलांवर टेकलं होतं.

मग गावाने ते फाटकं जाळं ओढून काढलं. मासळी सगळी निसटली होती, वाटायला शेपूटसुद्धा नव्हतं. पण दोराला सगळ्यांच्या मधोमध आवडीचा हात होता आणि डाव्या उजव्या बाजूने माणसं तिला ऐकू जाईल असं बोलत होती.

कारभाऱ्यांनो, प्रसंग हा असा आहे. महाराजांनी नमस्कार घेण्याआधी गावकाराला जिच्याकडे पाठवलं, तिला तुम्ही भिंतीवर हातभर जागा दिली नाहीत. आणि बैठकीत बसून आजही ठरवता, अमक्या घराला हाक मारायची नाही. आणि उठून त्याच महाराजांची पालखी खांद्यावर घेता! त्या चित्रात आवडी कुठे आहे? आणि गावात आज हाकेवाचून कोण बसलं आहे? आता पुन्हा भिंतीकडे वळा, महाराजांचा दुखरा पाय समोर आहे. त्याच्याकडे बघून उत्तर द्या.