धरणाच्या पाठीवरची हिरवळ

‘‘पण मन स्थिर झालं, हे माणसानं ओळखायचं कसं?’’

हा प्रश्न उकिडवेसाहेबांनी धरणाची चढण चढताना विचारला की त्याआधी चहाच्या वेळी, हे मी आता खात्रीनं सांगू शकत नाही. वैशाख होता. का चैत्र? प्रश्न मात्र हाच होता.

उकिडवेसाहेब निवृत्त जिल्हा न्यायाधीश. केवलगिरी महाराज पलीकडच्या टेकडीवरचे वृद्ध गोसावी. मठाची दोन तळी त्यांनी जन्मभर राखली होती. मी तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेला, दोघांच्या मागून चालणारा.

‘‘तुमचं झालंय का स्थिर?’’ महाराजांनी विचारलं.

‘‘मिलिंद गेला त्याला दोन वर्षं होतील. एकुलता एक. घर रडलं, आळी रडली. माझ्या डोळ्यातून टिपूस आलं नाही. अजून नाही.’’

साहेबांच्या आवाजात अभिमान होता. निदान मला तसं वाटलं, चुकतही असेन.

‘‘तुमचं धरण दाखवा,’’ ते म्हणाले.

लहानसं मातीचं धरण ते. एका बाजूला तळं, दुसऱ्या बाजूला उताराची पाठ, आणि पाठीच्या खाली ओढ्याकाठी कातकऱ्यांची वस्ती. रविवारी शहरातली माणसं होड्यांत बसायला येत. होड्या चालवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष साहेबच.

त्या दिवशीही रविवार होता. तळ्यात होड्या होत्या. पाठीवर लोकांनी सतरंज्या अंथरल्या होत्या, कारण भर उन्हाळ्यात तिथे सुरेख हिरवळ होती. आजूबाजूचे सगळे डोंगर करपलेले.

‘‘बसा महाराज,’’ साहेब म्हणाले.

‘‘नको. ओलं आहे.’’

‘‘दव असेल.’’

‘‘दहा वाजता?’’

साहेब हसले. ‘‘तुम्हाला मऊ गादी सोसत नाही, हे खरं.’’

‘‘पाणी कोण घालतं इथे?’’

‘‘कुणीच नाही. तीच तर गंमत आहे. आपोआप हिरवं राहतं.’’

महाराजांनी वहाण काढली. अंगठा गवतात दाबला. खळग्यात पाणी जमलं.

त्यांनी अंगठा तिथेच ठेवला.

‘‘गेल्या उन्हाळ्यात हिरवं होतं?’’

‘‘नाही. यंदाच.’’

‘‘धरण ठीक आहे म्हणता?’’

‘‘मी कशाला म्हणू? सरकारी तपासणी झाली आहे. सुरक्षित असा शेरा आहे.’’

‘‘कधी झाली?’’

‘‘गेल्या दिवाळीच्या आधी.’’

‘‘त्यानंतर काय बदललं?’’

‘‘काही नाही. उलट सुधारणा केली. पायथ्याच्या दगडी नालीतून रात्रंदिवस पाणी वाया जायचं. मी स्वतः उभा राहून चिकणमाती आणि सिमेंटनं ती बुजवून घेतली. आता बघा, थेंब गळत नाही.’’

महाराजांनी अंगठा उचलला.

‘‘म्हणजे ते पाणी धरणाच्या पोटातून इथवर चढलं…’’

साहेब गवताकडे पाहत राहिले. मग सतरंज्यांकडे. मग खाली, वस्तीकडे. एक बाई ओढ्यात भांडी घासत होती.

मला दरदरून घाम फुटला. महाराजांनी ते पाहिलं असावं.

‘‘प्रोफेसर, तुम्हाला भीती वाटते ना?’’

‘‘फार.’’

‘‘बरं झालं. मग तुम्ही वर जा. होड्या रिकाम्या करा, धरणाचं दार उघडायला लावा, तळं उतरू द्या. घाबरलेला माणूस कुणाला मागे ठेवत नाही.’’

आयुष्यभर ज्या भित्रेपणाची मला लाज वाटली, त्याला त्या दिवशी पहिल्यांदा काम मिळालं. त्याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे.

होडीवाले कुरकुरले. एक गृहस्थ म्हणाले, ‘‘तिकिटाचे पैसे घेतलेत, आता कसली भीती दाखवता?’’ मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुधा नुसताच घाबरलेला दिसलो असेन, आणि ते पुरलं. माणसं उतरली. वस्तीतली माणसं पोरंबाळं, कोंबड्या घेऊन टेकडीवर आली. दार उघडलं आणि तळं हळूहळू उतरू लागलं.

खाली पायथ्याशी ते दोघे उरले.

साहेबांनी पहार मागवली होती. मंडळाचे गडी पुढे आले तर महाराजांनी त्यांना हातानं मागे सारलं आणि पहार साहेबांच्याच हातात दिली. कोर्टात ज्यांना पाण्याचा पेलादेखील पट्टेवाला आणून द्यायचा, ते साहेब सिमेंटवर घाव घालत होते. मी वरून पाहत होतो. ऐकू काहीच येत नव्हतं.

पाणी आलं. लाल, गढूळ. महाराजांनी ओंजळीत घेतलं, पाहिलं, टाकून दिलं.

थोड्या वेळानं पुन्हा घेतलं. पुन्हा टाकलं.

ऊन डोक्यावर आलं. कोणी जेवायला हललं नाही. वस्तीतली बाई माझ्याशेजारी उकिडवी बसली होती. ‘‘म्हातारबाबा काय बघतोय पाण्यात?’’ तिनं विचारलं. मी म्हटलं, ‘‘माती.’’ मला नक्की माहीत नव्हतं.

दुपार कलली तेव्हा नालीचं पाणी वरूनही लाल दिसेनासं झालं, आणि महाराजांनी घेतलेली ओंजळ टाकली नाही. ती साहेबांपुढे धरली.

साहेबांनी त्या ओंजळीत पाहिलं. बराच वेळ पाहिलं…

मग पहार त्यांच्या हातून खाली पडली आणि त्यांचे खांदे हलू लागले. ते मटकन दगडावर बसले. महाराज तसेच उभे, ओंजळ धरून. साहेबांनी तोंड वर करून काहीतरी विचारलं. महाराजांनी दोन-चार शब्दांत उत्तर दिलं आणि ओंजळीतलं पाणी स्वतः पिऊन टाकलं.

वस्तीतली माणसं दोन दिवस मठात राहिली. मग घरी गेली. नाली कुणी पुन्हा बुजवली नाही. हिरवळ वाळली.

मी विचारायला धजलो नाही. महाराज गेल्यावर तर तो संवाद हरवलाच असं मी धरून चाललो होतो. बऱ्याच वर्षांनी साहेबांच्या आजारपणात त्यांना भेटायला गेलो तेव्हा धीर करून विचारलं. त्यांना शब्द न् शब्द आठवत होता.

त्यांनी विचारलं होतं, ‘‘महाराज, हे पाणी थांबणार कधी?’’

आणि महाराज म्हणाले होते, ‘‘थांबलं की मला बोलवा.’’