पुढे केलेला हात

"वस्ताद, गावात चोर शिरला तर दार लावायचं का न्हाई?"

हिंदुराव माने तालमीच्या दारातूनच बोलत आले. एकेकाळी गावोगावची मैदानं मारलेला गडी. आता तालमीचा अध्यक्ष. अंगातली रग खुर्चीत बसूनही उतरली नव्हती.

बाबालाल वस्ताद कुस्तीच्या हौद्याच्या कडेला बसून लाल मातीतले खडे वेचत होते. हिंदुरावांना पहिला डाव त्यांनीच शिकवलेला.

"कोण चोर?"

"वेशीवरलं नवं कुस्ती केंद्र! मॅट टाकलीया त्यांनी. आपली निम्मी पोरं तिकडं पळाली. अशानं तालमीला कुलूप लागंल."

"तू बघून आलास?"

"बघायचं काय त्यात? कमिटी बसली हुती. समद्यांचं एकमत झालं, हे तालमीवरचं संकट हाय."

एकमत होणारच होतं. बैठकीत बोलले एकटे हिंदुराव. बाकीच्यांनी चहा घेतला.

"आज ठरावच करतो. जो मॅटवर जाईल, त्याचं नाव तालमीतनं कमी!"

"...तिथल्या मास्तरानं निरोप धाडला हुता न्हवं?"

"धाडला की. म्हणं, तुमच्या पोरांना आमची मॅट वापरू द्या, आन् आमच्या पोरांना वस्तादांनी मातीतलं डाव शिकवावं. डाव हाय त्यो, वस्ताद! आधी पोरं नेली, आता तुमाला नेणार. म्या उत्तरच दिलं न्हाई."

वस्ताद खडे वेचत राहिले...

याच मातीत हिंदुराव लहानाचे मोठे झाले होते. आपल्या कारकिर्दीत ही तालीम बंद पडली, तर गावात तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

"वस्ताद, कायतरी बोला की."

वस्तादांनी उजवा हात पुढे केला.

झालं! हिंदुरावांचा पाय आपसूक मागे सरला, कंबर वाकली आणि वस्तादांचं मनगट त्यांच्या पकडीत आलं. समोर कोण बसलंय, याचंही भान त्यांना राहिलं नाही.

वस्ताद जागचे हलले नाहीत. नुसते वर बघत राहिले.

"पकड झकास हाय अजून," ते म्हणाले. "पर माझं गुडघं धरल्यात रं... उठायला हात मागत हुतो."

हिंदुराव असे ओशाळले की कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याच पकडीने त्यांनी म्हाताऱ्याला अलगद उभं केलं.

"मग... ठरावाचं कसं करू, वस्ताद?"

वस्तादांनी वहाणा पायात सरकवल्या आणि तोंड वेशीकडे केलं.

"ठराव मागनं कर, हिंदू. आधी माझं मनगट सोड."