ओवीत ज्याचं नाव

ऐका हं बाळांनो, पण मध्ये चुळबुळ नको. डोंगरापलीकडच्या चंपानगरीत सगुणी नावाची एक दासी होती. दासी म्हणजे विकत घेतलेलं माणूस! माणूस का कधी विकत घ्यायचं असतं? पण घेत असत मेले.

सगुणी भांडी घासायची, अंगण झाडायची, उरलंसुरलं खायची आणि काम करता करता ओव्या रचायची. अशा गोड, की पेरूवरचे हिरवेगार पोपटसुद्धा गप्प बसायचे. तिच्या मालकीणबाई येसाईसाहेब. त्यांचा सगुणीवर भारी जीव. अक्षरंही त्यांनीच शिकवली. पण त्या घरची एक रीत होती. ओवी दासीने रचायची आणि शेवटी नाव घालायचं मालकिणीचं. म्हणून सगुणीची प्रत्येक ओवी संपायची ती ‘येसाई म्हणे’ अशी.

एके दिवशी नगरीत मोठा उठाव झाला. राजा पळाला! चौकाचौकांत लोक नाचू लागले, "आता सगळे मोकळे!"

सगुणीचा झाडू हातातच थांबला. "सगळ्यांत मी येते का रे?" तिने बागेतल्या चाफ्याला विचारलं.

"मला विचार की!" इवलासा आवाज आला आणि एका फुलातून बोटभर परी बाहेर आली. पिवळाधमक परकर, निळेजांभळे पंख, केसांत चमचमते दवाचे थेंब. "तुझ्या ओव्यांसाठीच मी इथे राहते गं. दोन इच्छा देते तुला. पण नियम आहे हो! इच्छा ओवीतून मागायची. ओवीत एकच नाव घालायचं, आणि ज्याचं नाव, त्यालाच ती मिळायची."

सगुणीला कोण आनंद झाला! तिने डोळे मिटले आणि ओवी गायली,

"उघड उघड दारा,
लागू दे मला वारा,
मोकळा रस्ता सारा,
येसाई म्हणे!"

अगं बाई! सवयीने घात केला. धाडकन दार उघडलं आणि लग्नापासून वीस वर्षं उंबरा न ओलांडलेल्या येसाईसाहेब अनवाणी, हसत, पदर उडवत रस्त्यावर निघाल्यासुद्धा.

सगुणीने कपाळाला हात लावला. मग तिलाही हसू आलं. "जाऊ दे. त्यांना तरी कुठे वारा लागला होता?"

आता दुसरी इच्छा. या वेळी स्वतःचं नाव, अगदी नक्की! तेवढ्यात स्वयंपाकघरातून ठकू आली. सहा वर्षांची चिमुकली दासी, भाजलेली बोटं फुंकत होती. "सगुणीताई, मला आई पाहिजे," ती मुसमुसली.

सगुणीने ठकूला जवळ घेतलं आणि ओवी गायली,

"सरो सरो रात,
आईच्या घरात
मऊ मऊ भात,
ठकू म्हणे."

सोनेरी धूळ भिरभिरली आणि ठकू थेट आईच्या मांडीवर जाऊन बसली.

"आणि तुझं नाव गं?" परीने हळूच विचारलं.

"राहिलं," सगुणी म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

इतक्यात येसाईसाहेब परतल्या. पाय धुळीने माखलेले, केस सुटलेले.

"सगुणी, चौकात सगळ्यांबरोबर मीही ओरडले, ‘सगळे मोकळे!’ आणि लाजच वाटली गं. घरात मी माणसं विकत घेऊन ठेवलीत!" त्यांनी पेटीतले विक्रीचे सगळे कागद काढले आणि टराटरा फाडले. "या घरात आता कुणी दासी नाही. तू कुणाची नाहीस, माझी तर नाहीच. तुझ्या ओव्याही तुझ्याच."

"बाईसाहेब!" सगुणी त्यांच्या गळ्यातच पडली.

"यात माझी जादू नाही हं," परी खुदकन हसली. "तू वारा दिलास, त्याचं हे फळ." चाफा लख्ख उजळला, फुलाफुलातून केशरी उजेड सांडला आणि त्या उजेडात परी विरघळून गेली.

सगुणी फाटकाबाहेर आली. डावीकडे नदी, उजवीकडे बाजार. सवयीने ती थांबली. "कुठे जाऊ?" तिने विचारलं.

येसाईसाहेबांनी ओठ घट्ट मिटून घेतले. कुणीच काही सांगितलं नाही.

मग सगुणी मोठ्ठ्याने हसली आणि नदीकडे निघाली. का? उगाच. तिला वाटलं म्हणून.