अर्ध्या शंकरपाळ्याचा डोंगर

सतरंज्या बोलत असत त्या काळातली घटना. मंगळवारी सकाळी सव्वादहाला प्रदर्शनाचे साहेब विणकर हलीमाबींच्या मागापाशी आले. हलीमाबी लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. मागावरच्या सतरंजीतला निळा शंकरपाळा अर्धाच विणून झाला होता.

“वा, डोंगर झकास आहे! कापा,” साहेब म्हणाले.

“डोंगर कसला, साहेब? माझी दुसरी बाजू विणायचीय अजून!” शंकरपाळा ओरडला.

“कात्रीबाई, थांब गं! हलीमाबी परवा येतील,” वीण ठोकणाऱ्या पंज्याने विनवलं.

“मी हुकमाची ताबेदार,” म्हणत कात्रीने उभे धागे कापले.

हलीमाबी परतल्या आणि निळं सूत घेऊन प्रदर्शनात गेल्या, तेव्हा शंकरपाळा तिथल्या काचेच्या कपाटात होता, खाली ‘डोंगर’ अशी पाटी. त्यांच्या हातातल्या निळ्या सुताकडे तो काचेतून बघत राहिला.

हलीमाबींना का विचारलं नाही, हे साहेबांनी अजून सांगितलेलं नाही.